धानाच्या पोत्यांतला अल्बम

४ नोव्हेंबर

गावातल्या डिंपलने ही डायरी दिली. पवनीच्या एका खतवाल्याने तिला जानेवारीत फुकट दिली होती, ती दहा महिने तिच्या दुकानातल्या टेबलाच्या पायाखाली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतीचा सल्ला छापलाय. आजचा सल्ला : धान कापल्यावर उन्हात नीट वाळवावे. मी गिटार वाजवणारा माणूस. मला कोणी असा एका ओळीत सल्ला दिला असता तर बरं झालं असतं.

कोण लिहितो आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढेमागे कोणाच्या हाती लागली तर घोळ नको. मी भूपेंद्र, वय तेहतीस, मुक्काम आसगाव. नागपूरच्या ‘चौथा गिअर’ या रॉक बँडमध्ये नऊ वर्षं गिटार वाजवली. गेल्या महिन्यात बँड सोडला. मी सोडला, मला काढलं नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण मी बसमधून उतरून घरी पोचायच्या आत गावात उलटी बातमी पोचली होती.

कारण एक गाणं. ‘जाऊन राहिलो’ नावाचं, म्हणजे ‘मी जातोय’. आपल्या घरी बोलतो त्या भाषेत लिहिलेलं, खाली दणदणीत गिटार. मनिष आमचा गायक. त्याने दोन ओळी ऐकल्या आणि हसला. म्हणाला, कॉमेडी शोसाठी ठेव. नऊ वर्षांत त्याने माझ्या बावीस चाली गायल्या, तेव्हा नाही हसला. मी केबल गुंडाळली आणि निघालो. आता सात गाण्यांचा अल्बम एकट्याने करणार. सगळी गाणी घरच्या बोलीत, सगळी रॉक, आणि गाणार मी. हे शेवटचं लिहिताना हात जरा थांबला.

जेवताना बाबूजींना सांगितलं.

“सात गाण्याले किती दिवस लागते?”

“तीन महिने तरी.”

“एवढ्यात तं धान निघते,” बाबूजी म्हणाले आणि आणखी भात मागितला. विषय संपला.

९ नोव्हेंबर

घरामागची सिमेंटची खोली मागितली, मिळाली. वर टिनाचं छप्पर. माइक लावला, संगणक लावला, एक टाळी वाजवली. टाळी चार भिंतींवर आदळून, टिनावर जाऊन, परत येऊन माझ्या कानात बसली. अशा खोलीत रेकॉर्डिंग म्हणजे विहिरीत तोंड घालून गाणं.

आईच्या सगळ्या गोधड्या भिंतीवर टांगल्या. आवाज थोडा मऊ झाला, पण आई पार कडक झाली. “अंगावर काय घेऊ, तुयी गिटार?” ती म्हणाली. गोधड्या उतरवल्या.

दुसरा त्रास डोमाकाकांची चक्की. भिंतीला भिंत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पिठाचा कारखाना. गाण्याच्या मध्येच गहू दळला जातो.

आज मन खूप उतरलं. बँडच्या पेजवर गेलो नाही. म्हणजे दोनदाच गेलो.

१७ नोव्हेंबर

आजचा दिवस लाल शाईने लिहायला पाहिजे, पण डिंपलकडे निळाच पेन आहे.

आमचं धान मळून घरी आलं. डोमाकाकांची ट्रॉली भरून. आम्ही पोत्याला कट्टा म्हणतो, तसे एकशे अठरा कट्टे. बाबूजींनी ते दरवर्षीप्रमाणे माझ्याच खोलीत टाकले. मी भांडायच्या तयारीने आत गेलो आणि रागाने म्हणालो, “आता मी कुठं जाऊ?” आवाज तोंडातून निघाला आणि तिथंच थांबला. कुठे घुमला नाही, कुठे आदळला नाही. टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली. नागपुरात तासाचे पैसे मोजून बसायचो त्या स्टुडिओतही इतकी स्वच्छ टाळी कधी ऐकली नव्हती. ताज्या धानाने भरलेली पोती आवाज गिळून टाकतात.

मी नाचलोच. खोटं कशाला लिहू.

बाबूजींना समजावलं की मला चारी बाजूंनी भिंतीसारखी थप्पी पाहिजे, मध्ये जागा. ते पाच मिनिटं खोलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुले उभं रायाचं का बसाचं?”

“उभं राहून गाईन.”

मग त्यांनी आणि डोमाकाकांनी लावलेली सगळी थप्पी मोडून परत लावली. माझ्या डोक्याच्या वर दोन कट्टे. मध्ये एक दार, तेही वाकडं, म्हणजे आवाज सरळ बाहेर जायला नको. एवढ्याशा कामाला संध्याकाळ केली. म्हातारी माणसं उगाच वेळ घालवतात. खोलीला आता नव्या धानाचा वास आहे. तळाचा सल्ला : साठवणीच्या जागी हवा खेळती ठेवावी. नाही ठेवणार.

२३ नोव्हेंबर

गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. घरात अकरा पाहुणे, त्यातले तीन माझ्या स्टुडिओत झोपले. एका मामांनी माइकमध्ये “हॅलो, हॅलो, जेवन तयार आहे” असं बोलून पाहिलं. ऐकवलं तर इतके खूश झाले की अकराही जणांनी रांग लावली. फाइल ठेवली आहे. काम शून्य.

२ डिसेंबर

‘डीपी जळली’ हे पहिलं गाणं पूर्ण. ट्रान्सफॉर्मर जळून नऊ दिवस अंधारात बसलेल्या गावाचं गाणं. प्रितमला पाठवलं. तो नागपूरचा माझा जुना मित्र, अल्बमचं मिक्सिंग तोच करणार. तासाभरात फोन.

“कोणत्या स्टुडिओत केलं बे? एकदम साफ आहे.”

“आसगाव स्टुडिओ,” मी सांगितलं.

“गिटार तं जबरदस्त. पण भूपेन, एक सांगू? तू गाऊन राहिला का विचारून राहिला?”

“म्हणजे?”

“म्हणजे कोणाच्या कानात हळूच विचारल्यासारखं वाटते, की मी गाऊ का थोडंसं.”

फोन ठेवल्यावर चिडलो. मग तीनदा गाणं ऐकलं. चिडणं कमी झालं, कारण तो खरं बोलत होता. नऊ वर्षं मी मनिषच्या मागे उभा राहून ‘हो हो’ एवढंच गायलो. पुढे उभा राहणारा आवाज माझ्याकडे आहे का, हाच खरा प्रश्न आहे. गिटार मला येते, त्यात काय.

११ डिसेंबर

नवी धास्ती. शेजारून ट्रॉल्या चालल्यात, सगळ्या धानाच्या. खरेदी केंद्र सुरू झालंय. आमचं धान गेलं की माझा स्टुडिओ गेला, आणि माझी दोनच गाणी झालीत.

बाबूजींना विचारलं, आपला नंबर कधी?

“केंद्रावर बारदाना नाई आला,” ते म्हणाले. म्हणजे धान भरायला रिकामी पोतीच नाहीत.

डिंपलला विचारलं. तिचं गावात ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, धानविक्रीची नोंदणी, सगळं तीच करते. ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली, “सर्व्हर डाऊन आहे, भाऊ.”

“मग हे ट्रॉलीवाले कुठं चालले?”

“त्याइचा नंबर आधीचा असन.”

माझ्या नशिबाने सर्व्हर डाऊन आहे. असाच राहो.

१९ डिसेंबर

उंदीर. खालच्या रांगेतल्या दोन कट्ट्यांना भोकं. ‘बांधीवर पाय’ या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर स्पष्ट ‘चूं’ ऐकू येतं. आईने मांजर आणून सोडली. आता ‘चूं’ नाही, ‘म्यांव’ आहे.

एक चांगली गोष्ट. डोमाकाकांची चक्की हल्ली दुपारी बारा ते चार बंद असते. काकांचं वय झालं, जेवून झोपत असतील. मी ते चार तास पकडले आहेत. बाबूजीही त्याच वेळेला बरोबर माझ्या खोलीबाहेर खाट टाकून बसतात आणि कोणी मोठ्याने बोलत आलं की त्याला घेऊन पानठेल्यावर जातात. घरी कामं पडली आहेत आणि यांना गप्पा सुचतात. आई काही म्हणत नाही, हेच आश्चर्य.

३१ डिसेंबर

डायरी संपली. आजच्या तळाचा सल्ला : नवीन वर्षाच्या शुभेच्छा, आमचीच खते वापरा. सुरुवातीची जानेवारीची पानं कोरीच आहेत, उद्यापासून तिथे लिहीन. वार जुळणार नाहीत. चार गाणी झाली. आईने पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी केली, दोनदा वाढून घेतली. गेल्या वर्षी या रात्री कोणत्या तरी हॉटेलात दारुड्यांसाठी फरमाइशी वाजवत होतो. आजचं बरं आहे.

८ जानेवारी

पाच. पाचव्यात मांजर ठेवली. प्रितम म्हणाला तीच सगळ्यात आत्मविश्वासाने गाते.

सर्व्हर अजून डाऊन. बारदाना अजून नाही. मला आता खरेदी केंद्राची काळजी वाटायला लागली आहे. मी बाबूजींना म्हटलं, तक्रार करू या का, मी अर्ज लिहितो. ते घाईघाईने म्हणाले, “नाई नाई, तू गाने लिही.”

१७ जानेवारी

सहा झाली. राहिलं ‘जाऊन राहिलो’. जे गाणं घेऊन बँडमधून निघालो, तेच होत नाही. आज चौदा वेळा गायलो. चौदाही वेळा विचारल्यासारखं. शब्द असे आहेत :

जाऊन राहिलो गा, मले आवाज देऊ नका,
आवाज देलाच तं मंग जेवाले बसवा.

ही ओळ वरच्या पट्टीत फेकायची आहे, पार रस्त्यापर्यंत. माझ्या तोंडून ती उंबऱ्यापर्यंतही जात नाही. डोळे मिटले की मनिष हसतो. मिटले नाहीत तर समोर पोती दिसतात.

२४ जानेवारी

मनिषचा फोन आला. मला वाटलं भांडण होईल, पण एकदम गोड. नवीन गिटारवाला जमत नाहीये, फेब्रुवारीत पुण्याला मोठा कार्यक्रम आहे, परत ये. “तुझं ते गाणं पण घेऊ यार. हिंदीत करून. मी गातो.” एक तारखेपर्यंत सांग म्हणाला.

फोन ठेवला आणि खरं लिहायचं तर बरं वाटलं. मागे उभं राहायची जागा अजून रिकामी आहे, याचं बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. तासभर तलावाच्या पाळीवर फिरलो.

बाबूजींना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “तुयं काम झालं का?”

“एक गाणं राहिलं.”

“कोन्ता?”

“ज्याच्यासाठी आलो तेच.”

“मंग झालं कुठं?” म्हणाले आणि गाईला तणस टाकायला गेले.

२८ जानेवारी

धान विकायची शेवटची तारीख एकतीस. बाबूजींनी आज सांगितलं की शनिवारी सकाळी ट्रॉली लागेल, आता थांबता येणार नाही. हे ‘आता थांबता येणार नाही’ त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं, जणू त्यांचीच चूक. मी म्हटलं, बाबूजी, बारदाना नाही याला तुम्ही काय करणार?

माझ्याकडे दोन दिवस आहेत.

३० जानेवारी

दोन दिवसांत सत्तावीस वेळा गायलो. घसा बसला. नाही होत. सहा गाण्यांचाच अल्बम करावा, किंवा मनिषला हो म्हणावं. आईने हळद घातलेलं दूध दिलं. उद्या थप्पी जाईल.

३१ जानेवारी

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर राहून जाईल.

सकाळी सातला ट्रॉली आली. मी माइक, संगणक कोपऱ्यात सरकवले, स्वतःच कट्टे उचलायला लागलो. निदान निरोप तरी नीट द्यावा. डोमाकाका ट्रॉलीवर उभे राहून कट्टे घेत होते. दहा-बारा झाले असतील, त्यांनी एक कट्टा हाताने तोलून पाहिला.

“सुकून हलका झाला धान,” ते म्हणाले. “तवाच नेला असता तं वजन भरला असता.”

“तेव्हा बारदाना नव्हता ना, काका.”

“बारदान्याले काय झालं होतं? तुह्या बाबूजीचा नंबर तं आठ डिसेंबरलेच लागला. मी ट्रॉली घेऊन उभा, तं म्हंते, राहू दे डोमा, पोराचा गाना होऊन रायला, भिंती कशा काढू. वरून मले चक्की बंद ठेवाले लावली बारा ते चार. मी म्हटलं, गाने सात आनि दोन महिने कायचे? तं म्हंते, धानालेही लागते.”

माझ्या हातातला कट्टा हातातच राहिला. दारात डिंपल उभी होती.

“सर्व्हर?” मी विचारलं.

“धडधड चालू होता,” ती म्हणाली. “तू दुकानात आला की मी मॉनिटर फिरवत होतो.” आमच्याकडच्या मुली असंच बोलतात आणि खोटंही असंच तोंडावर कबूल करतात.

बाबूजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला थप्पीतले उरलेले कट्टे मोजत होते. त्यांना ऐकू गेलं होतं, कारण ते अडुसष्टनंतर परत अडुसष्टच म्हणाले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं आणि रडावंसं वाटलं. घामाच्या कपड्यांत, चार माणसांत यातलं काहीच जमलं नाही. मी पुढचा कट्टा उचलला. अर्ज लिहून देतो म्हणालो होतो, ते आठवून कान गरम झाले.

दहाला ट्रॉली भरून अंगणात उभी राहिली. डोमाकाका चहाला बसले. बाबूजी खराटा घेऊन खोलीत आले. फरशीभर धान सांडलं होतं. एक दाणा मागे ठेवायचा नाही ही त्यांची जुनी सवय. झाडायला लागले. सर्र-सर्र, थांबून एक छोटा झटका, परत सर्र-सर्र. रिकामी खोली, टिनाचं छप्पर, आणि तो आवाज भिंतींवरून फिरून परत येत होता. मी ऐकत राहिलो. ते ‘जाऊन राहिलो’च्याच लयीत झाडत होते. दोन महिने बाहेर खाटेवर बसून त्यांच्या कानात ती लय बसली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

मी माइक ओढला, गिटार लावली, रेकॉर्ड दाबलं.

“थांबू का?” बाबूजींनी विचारलं.

“नाई. तसेच झाडत राहा.”

ते बिचकले, पण झाडत राहिले. मी सुरू केलं. आणि ती ओळ आली तेव्हा मी फेकली. पोत्यांच्या आत आवाज बाहेर जातच नव्हता, म्हणून बाहेर जाईल असा मी गातच नव्हतो. आता प्रत्येक शब्द टिनावर वाजून माझ्याकडे परत येत होता, त्यामुळे त्याच्याहून मोठं गावं लागत होतं. ‘आवाज देलाच तं मंग जेवाले बसवा’ पार रस्त्यापर्यंत गेलं. बाहेर डोमाकाकांनी बशी खाली ठेवली तेही रेकॉर्ड झालंय. बसलेल्या घशाने गायलो, दोन ठिकाणी चिरला. मनिष दिसला नाही. बाबूजींची पाठ आणि खराटा दिसत होता.

एकाच वेळेत झालं. मी थांबलो तरी ते अर्धा मिनिट झाडत राहिले.

“झालं का?”

“झालं.”

“बरं झालं. चाल मी येतो केंद्रावर जाऊन.” ट्रॉलीवर चढून बसले आणि गेले. मग मी रडलो, खोलीत एकटा, आणि टिनामुळे तेही मोठ्याने झालं. आई येऊन डोक्यावर हात ठेवून गेली.

दुपारी मनिषला फोन केला. येत नाही म्हणालो. हिंदीचं काय विचारलं त्याने. म्हटलं, ते घरच्याच भाषेत झालं. तो हसला नाही.

१ फेब्रुवारी

प्रितमचा सकाळी एका ओळीचा मेसेज : ‘आता गायलास.’ खाली दुसरा : ‘ड्रमवर ब्रश कोण वाजवते? काढू नको.’

८ मार्च

काल अल्बम निघाला. नाव ‘थप्पी’. शेवटच्या गाण्याच्या श्रेयात बाबूजींचं नाव लिहिलंय : खराटा – कृष्णराव.

डिंपलने दुकानाबाहेर मोठा स्पीकर लावला. सातबाऱ्यासाठी आलेली माणसं सातबारा विसरून उभी राहिली. ‘डीपी जळली’ला एका आजोबांनी विचारलं, हे आपलीच डीपी का? ‘जाऊन राहिलो’ तीनदा लावायला लावलं. तिसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा पाच-सहा पोरींनी माझ्यासोबत म्हटली. नऊ वर्षांत माझ्या कोणत्याही चालीला हे झालं नव्हतं. मी इतका खूश होतो की चक्कीत जाऊन डोमाकाकांना मिठी मारली आणि शर्ट पिठाचा करून आलो. पुणे-मुंबईकडचे किती लोक ऐकतील माहीत नाही. आज सकाळी बाराशे होते. मी दर तासाला बघतो आहे, हे डायरीत लपवण्यात अर्थ नाही.

बाबूजींनी उभ्यानेच ऐकलं, हात मागे बांधून. गाणं संपल्यावर म्हणाले, “त्या कोपऱ्यात दोनदा झाडलं मी. एक डाव पुरे होता.” माझ्या आवाजाबद्दल एक शब्द नाही. मात्र पानठेल्यावर त्यांनी ते गाणं कोणाकोणाला ऐकवलं ते मला सकाळपासून सात जणांनी सांगितलं.

रात्री जेवताना भात मागितला, आमटी ओतली, आणि ताटाकडे बघतच बोलले, “उन्हाळी धान मे मंधी निंगते. या डाव कट्टे जास्ती होतीन. तवापर्यंत गाने लिहून ठेव.”

“हो, बाबूजी.”

“आन उभं रायाचं का बसाचं, ते आधी सांगजो.”